टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या शाळेत मुलांचे हात कसे धुवावेत?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, जालना जिल्हा

आमच्या जिल्हा परिषद शाळेत उन्हाळाभर टँकरचे पाणी येते आणि त्यातले बरेचसे पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून ठेवावे लागते. पोषण आहाराच्या सुट्टीत सगळी मुले एकाच घमेल्यातल्या पाण्यात एकामागून एक हात बुचकळतात आणि पंगतीला बसतात. जुलाबामुळे गैरहजर राहणाऱ्या मुलांची संख्या पाहून मला या पद्धतीची काळजी वाटते. पाणी वाचवण्यासाठी सॅनिटायझर ठेवावे, असे सहकारी सुचवतात. परंतु खेळून आलेल्या मुलांचे हात मातीने भरलेले असतात आणि त्याच हातांनी ती वरणभात कालवतात, त्यामुळे मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. टँकरचे पाणी न उकळता हात धुण्यास चालेल का, आणि साबण कोणता घ्यावा? गावातील वडीलधारी माणसे राखेने हात घासायला सांगतात, त्याबद्दलही कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त परिचारिका

ताई, आपली शंका रास्त आहे. सर्वप्रथम ते घमेले बंद करा, कारण पहिल्या मुलाच्या हातावरचे जंतू त्या पाण्यातून शेवटच्या मुलापर्यंत पोहोचतात. रक्ती आव निर्माण करणाऱ्या शिगेला जिवाणूंपैकी 10 ते 100 जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे सामाईक पाण्याचा धोका किती मोठा आहे ते कळेल. पाणी थोडे असले तरी चालेल, पण ते हातावरून वाहून गेले पाहिजे.

साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकट मळाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे मळ आणि त्याला चिकटलेले जंतू त्वचेवरून सुटतात व पाण्याबरोबर निघून जातात. फ्लू किंवा करोनासारख्या विषाणूंभोवतीचे स्निग्ध आवरण तर साबणाने फुटतेच. सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल असले, तरी मातकट किंवा तेलकट हातांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसे चालत नाही आणि नखांत अडकलेली जंतांची अंडी त्याने निघून जात नाहीत. प्रवासात, हात दिसायला स्वच्छ असताना, त्याचा उपयोग जरूर करावा. जेवणाच्या पंगतीत मात्र साबणच हवा.

हात साधारण 20 सेकंद चोळावेत. या चोळण्याला पाणी लागत नाही. ते हात ओले करण्यापुरते आणि शेवटी फेस धुऊन टाकण्यापुरतेच लागते, म्हणून मधल्या वेळात धार बंद ठेवायला मुलांना शिकवा. अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या हमखास सुटतात, तिकडे विशेष लक्ष द्या. नखे कापलेली असावीत. हात ओलेच राहिले तर जंतू अधिक सहज इकडून तिकडे जातात. पण सगळ्यांसाठी एकच पंचा टांगू नका. हात झटकून हवेत वाळू द्यावेत, उन्हाळ्यात त्याला वेळ लागत नाही.

उत्तर २ : ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामातील अभियंता

मॅडम, साबणाच्या वड्या शाळेत टिकत नाहीत; त्या चिखलात पडतात किंवा हरवतात. बांगलादेशात यावर एक स्वस्त उपाय वापरला गेला आहे : दीड लिटर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम कपड्यांची साधी पावडर विरघळवून ते पाणी झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरतात. मुलाच्या तळहातावर त्यातले थोडे पाणी पुरते.

धुण्यासाठी पाच लिटरच्या कॅनला वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडा, तो आडव्या काठीवर टांगा आणि त्याच्या तोंडाला बांधलेली दोरी जमिनीलगतच्या दुसऱ्या काठीला जोडा. पायाने ती काठी दाबली की कॅन कलतो व बारीक धार पडते. पाय उचलला की धार थांबते. तोटीला हात लावावा लागत नसल्याने धुतलेले हात पुन्हा खराब होत नाहीत, आणि तांब्याने ओतण्यापेक्षा पाणी फारच कमी लागते. टँकरचे पाणी पिण्यालायक नसले, तरी ते गढूळ नसेल तर साबणासह हात धुण्यास चालते, त्यासाठी उकळण्याची गरज नाही. सांडपाणी साचू न देता शोषखड्ड्यात सोडावे.

उत्तर ३ : बालरोगतज्ज्ञ

साबणाच्या निवडीबाबत कराचीतील दाट वस्त्यांमध्ये झालेला आणि 2005 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. साबण देऊन हात धुण्याची सवय लावलेल्या कुटुंबांत पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया 50 टक्क्यांनी, तर पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब 53 टक्क्यांनी कमी आढळले. विशेष म्हणजे साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्या परिणामांत फरक दिसला नाही. त्यामुळे जाहिरातीतल्या महाग साबणावर शाळेचा पैसा मुळीच खर्च करू नये.

साबण अजिबात नसेल तेव्हा कोरडी, स्वच्छ राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी म्हणता येईल, परंतु तिच्याविषयीचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे, म्हणून साबणाला पर्याय म्हणून ती सुचवणार नाही. माती मात्र वापरू नये, कारण तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मी आभारी आहे. दोनच कॅन बसवता येतील असे दिसते. दोन्ही जेवणाच्या जागेजवळ ठेवावेत का?

उत्तर १ : निवृत्त परिचारिका

नाही ताई. एक जेवणाच्या ओट्याजवळ ठेवा आणि दुसरा शौचालयाच्या दाराशीच, कारण दूर ठेवला तर मुले तिथवर जात नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या व वाढणाऱ्या मदतनीस बायकांसाठी साबणपाण्याची वेगळी बाटली चुलीजवळ असू द्या. त्यांपैकी कोणाला जुलाब होत असतील, तर त्या दिवसांत त्यांना वाढायला लावू नका.