मदत हवी आहे: मुलगी दहावीत (कॅलिफोर्निया), शाळेच्या पोर्टलवर सगळं हिरवं, पण दोन विषयांत डी ग्रेड

गोंधळलेली_आई

आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून बे एरियात आलो. लेक तेव्हा नववीत बसली, आता दहावीत आहे. मी आणि नवरा दोघंही 'दहावी, मग सायन्स का कॉमर्स, मग बारावी' या रुळावरून आलेले. इथे मुलं दरवर्षी आपले विषय आपणच निवडतात, हे पचायलाच पहिलं वर्ष गेलं.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम घरी आल्या. पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स, त्यात वर्ल्ड हिस्टरीला डी आणि अल्जिब्रा २ लाही डी. आणि पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म, त्यात बाईसाहेबांनी स्पॅनिश बंद करून टाकलंय. यंदाच सुरू केलं होतं!

मी आवाज चढवला तर तिने शांतपणे पोर्टल उघडून दाखवलं. २२० पैकी ९० क्रेडिट्स, हिरवी पट्टी, खाली 'ऑन ट्रॅक'. "डीला क्रेडिट मिळतं आई. आणि स्पॅनिश एकच वर्ष लागतं. मी ग्रॅज्युएट होणार आहे." (हे फोनवर ऐकून माझ्या सासूबाईंना नात बी.ए. झाल्यासारखा आनंद झाला, तो वेगळाच विषय.)

शाळेतल्या काउन्सेलरची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळालीये, फॉर्म मात्र शुक्रवारी द्यायचाय. ती म्हणते ते खरं आहे का? खरं असेल तर मला पोटात गोळा का येतोय?

दुपारचा_चहा

लेक खरं बोलतेय, पण अर्धंच. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळांतून बाहेर पडली, म्हणून सांगते.

इथे दोन वेगळ्या वह्या आहेत. एक डिप्लोमाची, म्हणजे शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची. त्यात राज्याची किमान अट: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३, पीई (शारीरिक शिक्षण) २, आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी काहीतरी १ वर्ष. त्यावर तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आपल्या अटी चढवतं, ते २२० क्रेडिट्स त्यांचेच. या वहीत डी म्हणजे पास. तुमची हिरवी पट्टी फक्त ही वही वाचते.

दुसरी वही यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशाची. तिला 'ए-जी' म्हणतात, कारण सात गटांना ए ते जी अशी अक्षरं आहेत. इतिहास २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगासह विज्ञान २, परकीय भाषा २ (एकच भाषा, दोन भाषांचं एकेक वर्ष नाही), कला १ आणि एक ऐच्छिक. एकूण १५, त्यातले ११ अकरावी संपेपर्यंत. आणि इथे सी किंवा वरच लागतो. डी असलेलं सेमिस्टर या वहीत धरतच नाहीत.

म्हणजे स्पॅनिश आत्ता सोडलं तर पहिली वही पूर्ण, दुसरी अपुरी. फॉर्मवर स्पॅनिश २ टाका, बाकीचं नंतर भांडा.

दोन डींची गोष्ट मात्र सारखी नाही. गणित पायरीपायरीचं आहे, म्हणून दुसऱ्या सेमिस्टरला सी आला की यूसी पहिल्याचा डी भरून निघाला असं धरते. इतिहासाला ही सवलत नाही, ते सेमिस्टर पुन्हा करावं लागेल. समर स्कूलला (उन्हाळी सुट्टीतल्या वर्गांना) करता येतं का ते आत्ताच विचारा, जागा भरतात. पुन्हा करून सी मिळाला की यूसीच्या जीपीएत (ग्रेड्सच्या सरासरीत) नवीन ग्रेड धरतात. त्या जीपीएत दहावी-अकरावीच्याच ग्रेड मोजतात, नववीच्या नाहीत. त्यामुळे हे वर्ष 'बघू पुढे' म्हणायचं नाही.

आणि कोर्सचं नाव भारदस्त आहे म्हणून तो ए-जीत बसेलच असं नाही. यूसीच्या साइटवर शाळेचं नाव घातलं की मान्य कोर्सेसची यादी येते. लेकीलाच शोधायला लावा.

निवांत_नाही

चहाताईंनी सगळं सांगितलंय. माझा एकच प्रश्न: डी कशामुळे आला ते पाहिलंत का? नुसती ग्रेड बघू नका, ग्रेडबुक उघडा.

गोंधळलेली_आई

काल रात्री बसले उघडून. इतिहासाच्या टेस्ट्स ८८ आणि ९१! आणि मधे शून्य, शून्य, 'मिसिंग', शून्य. एक नकाशा होता, रंगवून, नावं घालून पूर्ण केलेला. दप्तराच्या तळाशी सापडला, घडी पडून मऊ झालेला. "दिला का नाहीस?" तर म्हणे, "टेस्टमध्ये येतंय ना सगळं."

निवांत_नाही

हेच ते. आपल्या घरांत हे फार होतं. वर्षभर काही करा, शेवटी पेपर चांगला गेला की झालं, हे आपणच त्यांच्या डोक्यात घातलंय. इथे रोजच्या कामाला वजन असतं, आणि एक शून्य भरून काढायला किती नव्वद लागतात हे तिला कॅल्क्युलेटरवर करू द्या. माझ्या मुलाला लेक्चरने नाही पटलं, त्या आकड्याने पटलं. आणि शिक्षकांना मेल तिने लिहायची, तुम्ही नाही.

कैरीपन्हं

थोडं हलकं घ्या. ए-जी राहिली तरी दार बंद होत नाही, कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांनी यूसी किंवा सीएसयूला ट्रान्सफर घेणारी पुष्कळ मुलं आहेत. फक्त तो रस्ता ठरवून घ्यावा, हिरव्या पट्टीवर विसंबून नव्हे.

गोंधळलेली_आई

सगळ्यांचे आभार. शुक्रवारचं सांगते. मी काही बोलले नाही, ट्रान्सक्रिप्ट (आतापर्यंतचे विषय आणि ग्रेड्सचा कागद) छापून टेबलावर ठेवला आणि दोन रंगांची पेनं. हिरवं डिप्लोमाला, लाल ए-जीला. तिने स्वतः खुणा केल्या. हिस्टरीच्या ओळीवर हिरवी टिक आली आणि लाल पेन तसंच हातात राहिलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समरमध्ये पुण्याला जायचं होतं ना आपण?"

तिकिटं पुढे ढकलतोय. फॉर्मवर स्पॅनिश २ आहे. आता सासूबाईंना समर स्कूल म्हणजे काय ते समजवायचंय.