बेटावरचा एक दिवस : कच्ची वाट आणि प्रवाळांचे पाणी (अनुभव धागा)

येत्या डिसेंबरात आमच्या गल्लीतली चार कुटुंबे मिळून समुद्रातल्या एखाद्या बेटावर जाणार आहेत. गाडी, बोट आणि गाइड दिवसभर फक्त आपल्यासाठी, अर्धा दिवस कच्च्या वाटांवर जीप आणि अर्धा दिवस प्रवाळांवर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचे पाहणे), अशा खासगी सहलीविषयी त्यांचे अनेक प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे एकट्या माझ्या अनुभवावरून देणे मला योग्य वाटत नाही. कोल्हापुरातून अशा सहलीला जाऊन आलेल्या सर्वांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. जाहिरातीतले निळे पाणी सर्वांनी पाहिलेले आहे. दिवस कोणत्या क्रमाने गेला, कुठे अडला आणि अडल्यावर गाइडने काय केले, हे कळले तर जाणाऱ्यांना खरा उपयोग होईल. सुरुवात मी करतो.

आमची मुलगी अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेलो असताना गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या क्रूझने आम्ही मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर गेलो. युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेला असलेले हे बेट सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्या दोन किनाऱ्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. मुख्य भूमीकडचा पश्चिम किनारा शांत असून प्रवाळांच्या रांगा त्याच बाजूला आहेत, तर पूर्व किनारा उघड्या कॅरिबियन समुद्राच्या माऱ्यात असल्यामुळे तिथे लाटा मोठ्या आणि पाण्याची ओढ धोक्याची असते. म्हणून जीप पूर्वेला आणि स्नॉर्केलिंग पश्चिमेला, अशीच आमच्या सहलीची आखणी होती.

बेटाला आडव्या छेदणाऱ्या डांबरी रस्त्याने आम्ही पूर्वेला पोहोचलो आणि तिथून उत्तरेकडे वाळूची वाट धरली. गाइडने आधी चारही चाकांतली हवा थोडी कमी केली, कारण मऊ झालेला टायर वाळूवर पसरतो आणि रुतत नाही. एका बाजूला खुरटे जंगल, दुसऱ्या बाजूला फेसाळता समुद्र आणि दगडांवर ऊन खात बसलेले इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, असे तासभर चालले. पुढे एका ठिकाणी मागची चाके जागच्या जागी फिरू लागली तेव्हा गाइडने क्षणभरही हट्ट न करता गाडी मागे घेतली. मला त्या वेळी वाईट वाटले, परंतु आज त्याच निर्णयाचे सर्वाधिक कौतुक वाटते, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. वेळेबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवा : कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर घड्याळ एकच असते. टेक्सासचे घड्याळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे हिवाळ्यात जहाजावरची वेळ आणि बेटावरची वेळ यांत एका तासाचे अंतर पडू शकते.

आमची चूक क्रमात झाली. जीपचे धक्के खाऊन, भरपेट जेवून आम्ही दुपारी बोटीत बसलो आणि आमच्यापैकी दोघांना मळमळू लागले. आता पुन्हा गेलो तर आधी समुद्र आणि मग जीप, असेच मी सांगेन. सकाळी वाराही बहुधा कमी असतो.

पाण्यातला अनुभव मात्र आयुष्यभर पुरेल असा आहे. पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला प्रवाह तिरका कापत काठ गाठण्याची सवय असते. कोझुमेलला याच्या उलट करावे लागते. तिथला प्रवाह साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. बोट तुम्हाला वरच्या अंगाला पाण्यात सोडते, तुम्ही हातपाय न मारता प्रवाळांवरून वाहत जाता आणि बोट मागून येऊन तुम्हाला उचलून घेते. हा सगळा परिसर १९९६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आमच्या गाइडने अंगाला सनस्क्रीन लावू दिले नाही, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावले, आणि प्रवाळांच्या व आपल्या कातडीच्या, दोन्ही दृष्टींनी ते योग्यच होते. माझ्या पत्नीला पोहता येत नाही. तिचा अनुभव तीच लिहील.

राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका

आम्ही दोघे आणि आमचे दीर-जाऊ मॉरिशसला गेलो होतो. आमच्या गाडीचा चालक मराठी वंशाचा निघाला. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी तिथे गेले होते. तो घरी तिथली क्रिओल भाषा बोलतो, पण गणपतीची आरती त्याला पूर्ण पाठ होती. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले.

पण मुद्द्याचे सांगते. आमची सहल सकाळी आग्नेय किनाऱ्यावरच्या ब्लू बे येथे स्नॉर्केलिंग आणि दुपारी नैर्ऋत्येकडच्या शामारेलच्या डोंगरात क्वाड बाइक, अशी होती. नकाशावर बेट लहान दिसते, तरी या दोन ठिकाणांमध्ये वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराहून अधिक वेळ गेला आणि ओल्या कपड्यांत बसलेल्या जाऊबाईंना हुडहुडी भरली. एका दिवसात दोन टोके गाठण्यापेक्षा जवळजवळची ठिकाणे निवडावीत आणि कोरड्या कपड्यांची पिशवी गाडीतच ठेवावी.

ब्लू बे हे सागरी उद्यान आहे आणि तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून आधी प्रवाळ दाखवतात. ज्यांना पाण्यात उतरण्याची भीती वाटते त्यांनी प्रथम त्या काचेतून पाहावे, मग मनाची तयारी होते. क्वाडची वाट एका खासगी मळ्यातून, उसाच्या कडेने आणि पुढे जंगलातून जात होती. शेतकऱ्यांनी उसाच्या रानातले काळे ज्वालामुखी दगड वेचून रचलेले मोठे ढीग आदल्या दिवशी वाटेत दिसले होते. आमच्या पन्हाळ्याकडच्या काळ्या दगडाचीच ती जात, असे आमच्या दिरांनी लगेच ओळखले. चिखलात क्वाड घसरते, तेव्हा ज्यांना दुचाकीचीही सवय नाही त्यांनी स्वतः न चालवता मागे बसावे, आणि गाइडने नीट बसणारे हेल्मेट दिल्याशिवाय निघू नये.

उद्यमनगर, वर्कशॉप

मी यंत्रांच्या कामातला माणूस असल्यामुळे गाडीकडे आधी पाहतो. बालीजवळच्या नुसा पेनिदा बेटावर आम्ही बालीतल्या सानूरहून फास्ट बोटीने गेलो. बेट चुनखडीचे आहे, चढ-उतार तीव्र आहेत आणि आतल्या फाट्यांवर रस्ता कुठे संपतो हे कळत नाही. आम्हाला दिलेल्या फोर बाय फोरचे टायर गुळगुळीत झालेले होते. मी निघण्यापूर्वीच ते दाखवले आणि दुसरी गाडी मागितली. अर्धा तास मोडला, परंतु दुसरी गाडी मिळाली. चालक मात्र उत्तम होता. भुईबावडा घाट उतरताना अनुभवी चालक जसा ब्रेक न घासता गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर सोडतो, तसाच तो प्रत्येक उतार उतरत होता. गाडी कशी आहे हे छायाचित्रावरून ठरवू नये, समोर उभी राहिल्यावर टायर, सीटबेल्ट आणि स्टेपनी पाहावी.

दुपारी मांटा पॉइंटला जायचे होते. मोठे मांटा मासे तिथे येतात म्हणून सर्वांना तिथेच जायचे असते. ती जागा बेटाच्या दक्षिणेला, उंच कड्याखाली आहे. हिंदी महासागराच्या लांब लाटा कड्यावर आपटून उलट फिरतात आणि पाणी सतत वरखाली होत राहते. तिथले पाणी बोचरे थंड होते. आमच्या सोबत नऊ वर्षांचा मुलगा होता. बोट खासगी असल्यामुळे मी नावाड्याला म्हणालो, ‘इथे उतरायचे नाही,’ आणि त्याने बोट वळवून आम्हाला क्रिस्टल बेच्या आतल्या, शांत बाजूला नेले. शेजारच्या भरलेल्या बोटीत आमच्याच मुलाच्या वयाची एक मुलगी रडत होती आणि तिच्या वडिलांच्या हातात काहीच नव्हते, कारण बाकी दहा जणांना पाण्यात उतरायचे होते. आपल्याकडची वडाप जीप ज्याप्रमाणे एकासाठी वळत नाही, त्याचप्रमाणे ती बोटही वळणार नव्हती. खासगी सहलीला जे जास्तीचे पैसे मोजतो ते मला वाटते याच एका वाक्यासाठी मोजतो, आणि ते वाक्य बोलायला संकोच करू नये.

शिवाजी पेठ

वरील अनुभवाला जोडून लिहितो. थायलंडमध्ये आम्ही ‘प्रायव्हेट’ म्हणून सहल ठरवली आणि सकाळी गाडीत आधीच एक कुटुंब बसलेले होते. गाडी सामायिक, बोट मात्र खासगी, असा त्यांचा अर्थ होता. भांडण्यात सकाळ गेली आणि पैसे परत मिळाले नाहीत. ‘गाडी कोणाची, बोट कोणाची, गाइड पाण्यात उतरणार की बोटीतच थांबणार, हवा बिघडली तर तारीख बदलणार की रक्कम परत देणार’ एवढे चार प्रश्न आधी लेखी विचारून उत्तरे जपून ठेवावीत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आमचा गाइड पाण्यात उतरलाच नाही.

मंगळवार पेठ, गृहिणी

आम्ही सातजणी मैत्रिणी अंदमानला गेलो होतो. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे जीपच्या कच्च्या वाटा अशा नाहीत. एलिफंट बीचला बोटीने किंवा जंगलातल्या चिखलाच्या पायवाटेने जावे लागते. त्यामुळे ज्यांना गाडीची भटकंती हवी आहे त्यांनी हे बेट त्यासाठी निवडू नये. पोहता न येणाऱ्यांसाठी मात्र याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. आम्ही लाइफ जॅकेट घालून रबरी ट्यूब धरली आणि गाइडने आम्हाला दोन-दोन करून ओढत नेले.

एक प्रसंग मनातून जात नाही. आमच्यातल्या एकीने भीतीने पाय खाली टेकवले आणि फांद्यांसारख्या प्रवाळाचा एक तुकडा मोडला. गाइड रागावला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तर लक्षावधी बारीक जीवांनी मिळून बांधलेले घर असते, आणि गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, हे त्याने बोटीत आल्यावर समजावले. २०१० साली पाणी तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, तेव्हापासून जे सावरले आहे त्याची तो राखण करतो, असे त्याच्या बोलण्यावरून वाटले. तेव्हा उतरण्यापूर्वीच सांगते : घाबरलात तर पाय खाली सोडू नका, पाठीवर उलटे व्हा. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवते.

कसबा बावडा, डॉक्टर

थोडक्यात लिहितो. मळमळीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे तर निदान तासभर आधी, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. हृदयविकार किंवा दमा असेल तर गाइडला लपवू नये. मिशा झुपकेदार असतील तर मास्कची कडा वरच्या ओठावर नीट बसत नाही आणि पाणी आत येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मास्क आधी काठावर, चेहऱ्यावर दाबून नाकाने श्वास ओढून तपासावा, तो पट्ट्याशिवाय चिकटून राहिला तर माप योग्य आहे. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क मिळतो का हे आधीच विचारावे. काचेतून पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे लहान नंबर असणाऱ्यांचे त्यावाचूनही भागते. उन्हाने सर्वांत जास्त भाजते ती पाठ आणि पोटऱ्या.

रुईकर कॉलनी

परदेशी जाण्यापूर्वी एकदा मालवणला जाऊन यावे. फोंडा किंवा गगनबावडा मार्गे सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोहोचतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करवतात. पावसाळ्यात ते बंद असते आणि पाण्याची पारदर्शकता कोझुमेल-अंदमानाइतकी नसते, परंतु नळीने तोंडातून श्वास घेण्याची सवय होण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. आमच्या मुलांनी तिथे दोन दिवस सराव केला आणि पुढे मॉरिशसला पहिल्याच उडीत त्यांना पाण्याखालचे पाहता आले. ज्यांनी सराव केला नव्हता त्यांचा अर्धा तास नुसता खोकण्यात गेला.

धागाकर्त्यांच्या पत्नी

ह्यांनी माझ्यासाठी जागा ठेवली म्हणून लिहिते. कोझुमेलला पहिल्या दोन ठिकाणी, पलांकार आणि कोलंबिया या प्रवाळांवर, मी बोटीतच बसून राहिले. खाली पाणी खोल होते आणि बोट सोडून वाहत जायचे, ही कल्पनाच मला सोसेना. तेव्हा आमच्या गाइडने, तो साधारण आमच्या मुलीच्या वयाचा होता, बेटावरच्या सान हेर्वासियो नावाच्या माया देवस्थानाची गोष्ट सांगितली. बाळंतपणाची आणि विणकामाची देवता मानलेल्या इश्चेलच्या दर्शनासाठी मुख्य भूमीवरच्या बायका होडक्यांतून हा समुद्र ओलांडून येत. नवरात्रात अंबाबाईला दूरदूरच्या गावांहून चालत येणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

शेवटचे ठिकाण एल सिएलो होते. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ आकाश, असे त्याने सांगितले. तिथे पाणी माझ्या छातीपर्यंत होते आणि तळाला पांढरी वाळू. वेळ संपत आली होती, ह्यांचे लक्ष घड्याळाकडे होते, मळमळही थांबलेली नव्हती. गाइडने बोटवाल्याशी बोलून वीस मिनिटे वाढवून घेतली, स्वतः आधी शिडी उतरला आणि हात वर करून उभा राहिला. मी जॅकेट घालून उतरले. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातले तेव्हा श्वास अडकला आणि मी लगेच वर आले. दुसऱ्यांदा त्याने माझा हात न सोडता नुसते बोटांनी ‘एक, दोन’ असे सावकाश मोजले आणि मी त्याच्या मोजण्यावर श्वास घेतला. खाली वाळूवर हाताच्या पंजाएवढे, विटकरी रंगाचे तारामासे होते, एकमेकांपासून अंतर राखून, जणू कोणी ठिपक्यांची रांगोळी काढून ठेवली आहे. ते उचलू नयेत असे त्याने आधीच बजावले होते, आणि उचलावेसे वाटलेही नाही. एक चपटा रे मासा वाळूवरून अगदी जवळून सरकत गेला आणि त्याच्या मागे वाळूचा धूर उठून पुन्हा बसला. मी वर आले तेव्हा हे बोटीच्या कडेला वाकून विचारत होते, ‘काय दिसले?’ मी त्यांना म्हणाले, ‘अजून दहा मिनिटे आहेत ना, तुम्हीच खाली या.’