मदत हवी आहे: अंगावर ओरडणारा आला की श्वास कोंडतो, सराव कसा बसवावा?

स्वसंरक्षणाच्या वर्गासाठी सराव बसवतोय. 4 सेकंद श्वास आत, 4 रोखून, 4 बाहेर, 4 रोखून, हे शांत खोलीत सगळ्यांना जमतं. समोरचा ओरडत आला की मात्र नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळते, बोटं बधिर होतात. धाप लागल्यावर श्वास रोखणं बहुतेकांना अवघडच, म्हणून तिथे 4 आत, 6 ते 8 बाहेर एवढंच ठेवलंय.

क्रम असा: 20 बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे, मग उडी मारत उठायचं), लगेच 30 सेकंद समोरच्याची दमदाटी. शिकणाऱ्याचे तळवे उघडे, छातीपुढे, अंतर दोन हात, वाक्य एकच, "मागे व्हा, मला भांडायचं नाही." अडतं ते मान वळवून बाहेरची वाट शोधण्यात. तेवढंच नेमकं विसरतात!

शिव्या कितव्या आठवड्यात आणाव्यात? ओरडणाऱ्याला हेल्मेट द्यावं का? चेहरा झाकला की धाकच जातो.