मदत हवी आहे: कारखान्यांनी बांधून दिलेल्या सार्वजनिक रस्त्याचा खर्च करातून वळता करून घेता येईल का?

नमस्कार मंडळी,

नागपूरहून हिंगण्याकडे जाताना लागणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात आमचा लहान कारखानदारांचा एक गट आहे. आमच्या कारखान्यांना मुख्य रस्त्याशी जोडणारा मार्ग औद्योगिक वसाहतीच्या हद्दीबाहेर येतो आणि ग्रामीण मार्ग म्हणून नोंदलेला आहे; त्याची रचना ट्रॅक्टर आणि एसटी यांच्या भाराला पुरेल अशी आहे, लोखंडी कॉइल वाहून आणणाऱ्या ट्रेलरच्या भाराला नाही. शिवाय खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर डांबराचा आणखी एक थर देऊन भागत नाही. माती काढून मुरूम भरावा लागतो आणि अंदाजपत्रक तिथेच वाढते. गटातील काही जणांची तयारी अशी आहे की रस्ता आपणच बांधून द्यावा आणि त्याचा खर्च पुढील काही वर्षांच्या करातून वळता करून मिळावा. या मागणीचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

रस्त्यांसाठी करसवलत ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, परंतु ती आजवर प्रामुख्याने पैसा पुरवणाऱ्याला किंवा रस्ता चालवणाऱ्या कंपनीला मिळत आली आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५४ईसीनुसार जमीन किंवा इमारत विकून झालेला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा सहा महिन्यांच्या आत, ५० लाख रुपयांच्या मर्यादेत, ठरावीक रोख्यांमध्ये गुंतवल्यास त्यावर कर लागत नाही, आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने अनेक वर्षे अशा रोख्यांतून पैसा उभा केला. २०११-१२ मध्ये प्राधिकरणाने करमुक्त व्याजाचे रोखेही काढले होते. कलम ८०-आयएमध्ये रस्ता विकसित करून चालवणाऱ्या कंपनीला त्या नफ्यावर सलग दहा वर्षे पूर्ण वजावट मिळत असे. ३१ मार्च २०१७ नंतर सुरू झालेल्या कामांना ती मिळत नाही. या सर्व सवलतींना एक तर मागे मोठी सरकारी संस्था लागते किंवा रस्त्यातून उत्पन्न तरी लागते. आमच्या चार-पाच किलोमीटरांवर टोल कोण बसवणार, आणि बसवलाच तर शेजारच्या गावांतील लोक आम्हाला काय म्हणतील, हे वेगळे सांगायला नको.

आम्हाला हवे आहे त्याच्या जवळ जाणारा नमुना नायजेरियात सापडला. तेथे २०१९ मध्ये निघालेल्या ७ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशानुसार कंपनीने सार्वजनिक रस्ता बांधायचा, सरकारने खर्च तपासून प्रमाणित करायचा, आणि ती संपूर्ण रक्कम कंपनीच्या प्राप्तिकरातून टप्प्याटप्प्याने वळती व्हायची, अशी व्यवस्था ठरली. वर मध्यवर्ती बँकेच्या धोरण दरात (तिने ठरवलेल्या मूळ व्याजदरात) दोन टक्के मिळवून येणाऱ्या दराने मोबदलाही ठरला. एका वर्षात देय कराच्या निम्म्यापर्यंतच वळते करता येत असे, आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून ठरवलेल्या भागांत मात्र पूर्ण. तेथील दांगोटे या उद्योगसमूहाने ओबाजाना ते काब्बा हा सिमेंटचा रस्ता याच धर्तीवर केला. ओबाजानाला सिमेंटचा कारखाना त्यांचाच, तेव्हा रस्ता कोणत्या कारखान्याच्या दारातून सुरू होतो आणि सिमेंट कोणाचे लागते, याकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. आमच्या निवेदनावरही हाच आक्षेप येणार, म्हणून दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे धरावेत आणि मोजमाप आमच्या नव्हे, शासकीय अभियंत्याने करावे, असे मी आधीच लिहून ठेवले आहे.

माझी खरी अडचण पुढची आहे. आमचा प्राप्तिकर केंद्राकडे जातो, वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य यांच्यात विभागला जातो, मालमत्ता कर ग्रामपंचायतीकडे जातो, आणि रस्ता यांपैकी कोणाच्याच थेट ताब्यात नाही. केंद्राने आमचा प्राप्तिकर सोडला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० खाली राज्यांमध्ये वाटायच्या रकमेतूनही तेवढी घट होते, म्हणजे हिंगण्याच्या रस्त्याचा थोडा भार बिहार आणि केरळवरही पडतो. ते कोणी का मान्य करावे? तेव्हा निवेदन कोणाच्या नावाने लिहावे आणि कोणता कर धरावा, हे कोणी सांगू शकेल का? तसेच कायद्यात काहीही बदल न होता आजच मिळू शकेल असा काही दिलासा आहे का?

प्रतिसाद:

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. वजावट आणि वळती रक्कम यांत जमीनअस्मानाचा फरक आहे: वजावट करपात्र नफ्यातून कमी होते, वळती रक्कम थेट करातून. आज मिळू शकते ती वजावट, धंद्यासाठी केलेला खर्च म्हणून (१९६१ च्या कायद्यात कलम ३७). सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा एल. एच. शुगर फॅक्टरीचा निकाल जरूर वाचावा: कारखान्याच्या परिसरातील रस्त्यांसाठी ऊस विकास योजनेत दिलेले २२,३३२ रुपये महसुली खर्च (नफ्यातून वजा होणारा चालू खर्च) म्हणून मान्य झाले, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या विनंतीवरून दुसऱ्या एका रस्त्यासाठी दिलेले ५०,००० रुपये धंद्याशी संबंध दिसत नाही म्हणून नाकारले गेले. आपला रस्ता पहिल्या प्रकारात बसवता येईल, मात्र मालवाहतुकीचा त्याच्याशी असलेला संबंध कागदोपत्री दाखवावा लागेल. खर्च कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) खात्यातून केला, तर ही वजावट जाते. एक कोटी खर्च केल्यास २२ टक्के दराच्या कंपनीचा, अधिभार आणि उपकर धरून, साधारण २५ लाखांचा कर वाचेल. ७५ लाख आपलेच जातील.

मूळ धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. ७५ लाखांचा आकडा ऐकून गटातील निम्मे सदस्य मागे हटतील, हे मला दिसते आहे. पेरूमध्ये २००८ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थेचे काम बांधून देणाऱ्या कंपनीला केंद्रीय करात वापरता येणारे प्रमाणपत्र मिळते आणि ती रक्कम केंद्र सरकार पुढे त्या स्थानिक संस्थेला द्यावयाच्या खाण उत्पन्नाच्या वाट्यातून कापून घेते, म्हणजे ज्याचा रस्ता त्याच्याच खात्यावर खर्च पडतो. आपल्याकडे हा दुवा राज्याच्या पातळीवर जुळेल असे वाटते, कारण राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत पात्र उद्योगांना राज्य वस्तू व सेवा कराशी जोडलेले अनुदान मिळते आणि ग्रामीण रस्त्यांना जिल्हा नियोजन समितीमार्फत निधीही राज्यच देते. आमचा खर्च प्रमाणित करून त्या अनुदानात मिळवावा आणि तेवढी रक्कम रस्ते निधीतून हप्त्यांनी कापावी, अशी मागणी शासन निर्णयाच्या भाषेत कशी मांडावी? या योजनेचे प्रस्ताव ज्यांनी स्वतः हाताळले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.