गोचिडांची 'वसाहत' म्हणायचं की 'पैदास'?

पाणंदवाट: एका पशुपालनाच्या मासिकासाठी ब्लूटंग या मेंढ्यांच्या विषाणूजन्य आजारावरचा लेख मराठीत आणतेय आणि तीन दिवस एका शब्दापाशी अडकलेय. इंग्लंडात सरे परगण्यात पिरब्राइट म्हणून संस्था आहे, जनावरांच्या विषाणूंवर काम करते. तिथं रक्त पिणारी बारीक चिलटं (क्युलिकॉइडिस), डास आणि गोचिडं पिढ्यानपिढ्या प्रयोगशाळेतच वाढवतात. कारण चिलटानं आजारी मेंढीचं रक्त प्यायलं की विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचतो का, किती दिवसांत पोचतो, थंडी पडली की थांबतो का, हे बाहेरून पकडून आणलेल्या किड्यांवर नीट कळत नाही, त्यांनी आधी काय पिऊन ठेवलंय ते कुणी सांगावं. या सांभाळलेल्या साठ्याला मूळ लेखात 'कॉलनी' म्हटलंय. मी 'वसाहत' लिहिलं, संपादकांनी खोडून 'पैदास' केलं. मला दोन्ही खटकतंय. वसाहत म्हटलं की शासकीय कर्मचारी वसाहत डोळ्यापुढं येते, आणि पैदास म्हटलं की 'डासांची पैदास होऊ देऊ नका' हा महापालिकेचा फलक. तुम्ही काय म्हणाल?

ओढ्याकाठी: पैदास वाईट शब्द कधीपासून झाला? आमच्याकडं पैदाशीचा वळू म्हणतात आणि मानानं म्हणतात. मासिक गोठेवाल्यांसाठी आहे ना, मग त्यांना महापालिकेचा फलक नाही, वळूच आठवणार. संपादकांचं बरोबर आहे.

शुद्धमती: पैदास फारसीतून आलाय. आपल्याकडे प्रजनन आहे, संवर्धन आहे. शासनाचं खातंसुद्धा पशुसंवर्धन खातं आहे, पशुपैदास खातं नाही. 'गोचीड संवर्धन' लिहा, अर्थ पुरा येतो.

ओढ्याकाठी: फारसी म्हणून काढायचा तर मग जनावर पण काढा, तोही फारसीच आहे, आणि लेखात काय उरतंय बघा.

पाणंदवाट: संवर्धनाचा विचार केला होता. पण आता व्याघ्रसंवर्धन, वनसंवर्धन यामुळं तो शब्द 'वाचवा, जपा' या अर्थानं रुळलाय. गोचीड संवर्धन वाचून एखाद्याला वाटेल आता हे गोचिडं मारू नका म्हणून सांगतायत.

तुतीचा मळा: इतके पर्याय झाले आणि खरा शब्द कुणीच काढला नाही. संगोपन. रेशमाच्या धंद्यात आम्ही रोज वापरतो, शेडला कीटक संगोपनगृह म्हणतात, अनुदानाच्या कागदावर पण तेच लिहिलेलं असतं. आणि तुम्ही सांगताय ते काम हुबेहूब आमच्यासारखंच आहे, अंडीपुंज आणायचे, उष्णता आणि ओल सांभाळायची, बाहेरचा रोग आत येऊ द्यायचा नाही. आमचे वडील संगोपनगृहाच्या दाराशी चपला काढून पाय चुन्याच्या भुकटीत बुडवल्याशिवाय आईलासुद्धा आत सोडत नसत. एकदा पाहुणे तसेच आत गेले तर त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

शुद्धमती: संगोपनात माया आहे. बालसंगोपन म्हणतो आपण. रेशमाचा किडा पोट भरतो, गोचीड रक्त पितो, दोघांना एकच शब्द कसा चालेल?

पिपेट: मी काही वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत डासांच्या कीटकगृहात काम केलंय, म्हणून लिहिते. माया लागते हो. जाळीचा चौकोनी पिंजरा असतो, एका बाजूला कापडाची बाही शिवलेली, बाहीतून हात आत घालायचा आणि लगेच कोपरापाशी कापड आवळून धरायचं. साखरपाण्यात भिजवलेला कापूस वेळेवर बदलायचा, नाहीतर बुरशी. रक्त पातळ पडद्याआड कोमट ठेवायचं आणि बसून राहायचं, माद्याच येतात, नर साखरपाण्यावर जगतो. सुट्टीच्या दिवशी सुद्धा कुणीतरी यावंच लागतं. शब्द विचाराल तर आम्ही कॉलनीच म्हणायचो, दुसरं काही कधी तोंडात आलं नाही. पण वसाहत नको यावर मी ठाम आहे. वसाहतीत राहणारे बाहेरून येऊन वसतात. इथं उलट आहे, बाहेरचा एकही येत नाही, आहेत त्यांचीच पुढची पिढी, तिची पुढची. वंश म्हणा हवं तर. आणि प्रत्येक जात अशी टिकतही नाही. 2006 साली उत्तर युरोपात आणि 2007 मध्ये इंग्लंडात ब्लूटंग पसरला तो मुख्यतः तिथल्या ऑब्सोलेटस गटातल्या चिलटांनी, पण ती प्रयोगशाळेत पिढ्या धरत नाहीत. म्हणून कितीतरी प्रयोग अमेरिकेतल्या सोनोरेन्सिस जातीवर करावे लागतात. 'पिढ्या धरणं' हे मात्र आमच्या तोंडी असायचं.

बांधावरून: मग त्याला बेणं म्हणा की! उसाचं बेणं राखतो, आल्याचं, हळदीचं राखतो. निरोगी, एका जातीचं, पुढच्या वर्षासाठी बाजूला काढलेलं. ताईंनी सांगितलं ते हेच झालं.

पाणंदवाट: बेणं!! हा शब्द सुचलाच नव्हता. 'चिलटांचं बेणं राखलंय' असं वाक्य धनगराला लगेच कळेल.

ओढ्याकाठी: कळेल, पण कोल्हापूर-सांगलीकडं 'लई बेणं हाय' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. शिवाय बेणं जमिनीत लावायचं असतं, रक्त पिणाऱ्याला बेणं म्हटलेलं माझ्या तरी कानाला सोसत नाही.

गुरांचा डॉक्टर: शब्दावर नंतर बोला, आधी एक चूक. गोचीड कीटक नाही. आठ पाय असतात, कोळ्याच्या नात्यातला. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या अवस्थेत सहाच पाय असतात म्हणून लोक फसतात. तेव्हा 'कीटकांची पैदास' या मथळ्याखाली गोचीड घालू नका. आणि गोचिडातही दोन तऱ्हा. गुरांच्या कानात, शेपटीखाली दिसतो तो कठीण पाठीचा, मादी दिवसचे दिवस चिकटून फुगते, खाली पडून हजारो अंडी घालते आणि मरते. दुसरा मऊ गोचीड, फटीत लपतो, रात्री येऊन थोडा वेळ पितो आणि परत जातो, आयुष्यात अनेकदा पितो. आफ्रिकेतल्या डुकरांच्या तापाचा विषाणू अशा मऊ गोचिडात वर्षानुवर्षं जिवंत राहतो, म्हणून तो प्रयोगशाळेत सांभाळावा लागतो. न पिता तो फार काळ काढू शकतो. तेव्हा आपली म्हण, गोचिडासारखा चिकटलाय, ती फक्त कठीण गोचिडाला लागू.

बांधावरून: मऊवाले आमच्या खुराड्यात होते. दिवसा एक दिसायचा नाही, कोंबड्या मात्र फिकट पडत चाललेल्या. आजीनं रात्री बत्ती धरून फळीची फट उचकटली तर आत डाळीसारखे ओळीनं बसलेले, चपटे. आजी त्यांना गोचीड म्हणायची नाही, ती म्हणायची 'हा वेगळा जीव आहे'.

तुतीचा मळा: डॉक्टर 'तो गोचीड' म्हणतायत, पाणंदवाट 'गोचिडं' म्हणतेय. आमच्याकडं बायका 'गोचिडी झाल्यात' म्हणतात. नक्की तो, ती की ते?

शुद्धमती: मूळ 'गोकीट' असणार, त्यावरून गोचीड. म्हणजे पुल्लिंगीच.

पिपेट: 'असणार' म्हणून व्युत्पत्ती होत नाही. क चा च कुठल्या नियमानं झाला ते सांगा. गाय आपल्याच शब्दात दिसते हे खरं, हिंदीत किलनी, गुजरातीत इतरडी, त्यात गाय नाही.

सावंतवाडीकर: नावावरून वाद चाललाय तर माझं एक मागणं आहे. 2016 ला आमच्या दोडामार्गात ताप आला तेव्हा सगळीकडं 'माकडताप' हेच नाव पसरलं. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा सापडला, पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं विषाणू शोधला, तो गोचिडातून येतो हेही कळलं. तरी नाव माकडाचं. माकड बिचारं स्वतः त्यानं मरतं. आमच्या वाडीत लोक माकडाला दगड मारत होते आणि काजूच्या बागेत पाचोळ्यात उघड्या पायांनी बसत होते. नावात गोचीड असता तर पायाकडं लक्ष गेलं असतं. म्हणून तुमच्या लेखात शब्द काहीही वापरा, पण तो किडा कुठला ते लोकांच्या शब्दात स्पष्ट लिहा.

पाणंदवाट: हे फार मोलाचं लिहिलंत, यावर वेगळी चौकट करते. ब्लूटंगचंही तेच. 'नीलजिव्हा' लिहिलं तर मेंढपाळ निळी जीभ शोधत बसेल, आणि ती फार थोड्या मेंढ्यांत दिसते, तोंड सुजणं, लाळ, लंगडणं आधी दिसतं.

ओढ्याकाठी: आणि 'मेंढी' तरी का? धनगर तिला बकरंच म्हणतो.

पाणंदवाट: संपादकांचा आत्ताच निरोप आला. पैदास-वसाहतीचा वाद बाजूला राहू दे म्हणाले, पण 'चिलट' चालणार नाही, त्यांच्याकडं चिलट म्हणजे केळ्यावर बसतं ते, चावत नाही. चावणाऱ्याला तुमच्याकडं काय म्हणतात?

सावंतवाडीकर: घुंगुरटं.

बांधावरून: आमच्याकडं केमरं म्हणतात, पण ते डोळ्यापुढं घोंगावणारं. चावतं ते वेगळं, विचारून सांगतो.