अनुभव धागा: "जा रे, आजोबांची पुडी घेऊन ये"

वेशीपलीकडची
काल सोलापुरात अशोक चौकाजवळ किराणा दुकानात उभी होते. दुसरी-तिसरीतला पोरगा आला, मुठीत चुरगळलेली नोट. "आजोबांची पुडी द्या." दुकानदारानं नोट त्याच्याच मुठीत परत कोंबली, "आजोबांना पाठव." पोरगा रडवेला, घरी बोलणी बसणार ना. मला आमचे आप्पा आठवले. त्यांची तंबाखू आणि चुना आणायचं काम माझंच, सुट्टे उरले की लिमलेटच्या गोळ्या. कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पण पोराला टपरीची ओळख आपणच करून देतो आणि पुढं तिथं उभा दिसला की त्यालाच झोडपतो. मुलांना हे आणायला पाठवणं बंदच व्हायला पाहिजे. तुमच्याकडे काय होतं? कुणी काही केलं असेल तर लिहा.

कन्नाचौक
आमच्याकडे दुकानाची गरजच नव्हती, आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या गोणपाटात तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळून सूत गुंडाळायचं. कारखान्यात मोजून द्यायच्या असल्यानं आईचा हिशोब पक्का. एक जरी कमी भरली तरी भावाचं तोंड हुंगायची. माझी कॉलेजची फी याच विड्यांतून भरली, त्यामुळं या धंद्याला नावं ठेवताना जीभ अडते. पण आम्हा भावंडांना तिनं सुपाला हात लावू दिला नाही. शेजारच्या पोरी शाळा सोडून वळायला बसल्या.

लक्ष्मीतवा
आजीची मिश्री मीच भाजून द्यायचे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत. घरभर ठसका!! नंतर मीही लावायला लागले, लग्नानंतर सुटली एकदाची. कुकर झाला, येते.

शेंगाचटणी
ठसका म्हटल्यावर मला चटणी कुटायचा वास आठवला. नवी पेठेत खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी अजून मिळते का हो? बहिणीला पुण्याला पाठवायचीय.

सातरस्ता
@शेंगाचटणी मिळते की, व्यक्तिगत निरोप करतो.
विषयावर: मी शिक्षक आहे. शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये विक्रीला बंदी, 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातच आहे. आम्ही पिवळी रेघ मारली. टपरी रेघेच्या चार पावलं पलीकडे सरकली. त्या कायद्यात दंड 200 रुपयांपर्यंत, तेवढे टपरीवाला हसत काढून देतो. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 वाचून दाखवलं, मुलाला तंबाखू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड, तेव्हा चेहरा उतरला. तरी खरा फरक पडला तो आया गेल्यावर. बचत गटाच्या बायका संध्याकाळी टपरीसमोर नुसत्या उभ्या राहायच्या. गणवेशातला पोरगा आला की नावानिशी हाक. आठवड्याभरात गणवेश दिसेनासे झाले.

माधुरी जुळे सोलापूर
सर, कमाल आयाबाया 🙏

दातांचीताई
दंतचिकित्सकाकडे मदतनीस आहे. कॉलेजातला मुलगा आला होता, तोंडात स्वतःची दोन बोटं उभी जात नव्हती. पाणीपुरी खाता येत नाही म्हणून आला! मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना एकत्र मळलेला, बरीच वर्षं. गालाच्या आत हात लावला तर कातड्यासारखं ताठ. आयाबायांनो, "नुसती सुपारीच खातो" यावर गप्प बसू नका, तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. गुटखा 2012 पासून राज्यात बंद आहे, पण पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकत्र तोंडात. त्या मुलाची आई बाहेर बाकावर बसून रडत होती, मला काही बोलता आलं नाही.

कन्नाचौक
ताई, पाणी आलं डोळ्यात. तो सोडतोय का?

दातांचीताई
प्रयत्न करतोय. 1800-11-2356 नंबर दिलाय, सरकारी आहे, फोन फुकट. तलफ आली की लावतो म्हणाला.

अक्कलकोटरोड
माझं दुकान आहे म्हणून सांगालोय. नाही म्हणायला मला त्रास नाही, त्रास मोठे देतात. पोराला परत पाठवलं की बाप येतो, "माझ्याच पोराला नाही म्हणतोस का बे?" दोन घरांनी उधारीचं खातं मिटवून दुसरं दुकान धरलं. धरू दे. बरण्या मी काउंटरखाली घेतल्या, गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी ठेवत नाही. सुटी सिगारेट देत नाही. भाचा सुट्टीत गल्ल्यावर बसायचा, तेही बंद केलं, 18 खालच्यानं विकणंही नियमात बसत नाही. फक्त बोर्ड राहिलाय.

वेशीपलीकडची
दादा, कालचे दुकानदार तुमच्यासारखेच बघा. बोर्ड किमान 60 बाय 30 सेंमीचा लागतो, "18 वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय गुन्हा आहे". माझे मिस्टर पेंटर आहेत, करून देतील, पैसे नकोत.

अक्कलकोटरोड
लई उपकार ताई. रविवारी दुपारी या, दुकान थोडं निवांत असतं.

कन्नाचौक
खाली तेलुगूतही लिहून घ्या, त्या बाजूला आमचीच वस्ती जास्त. मजकूर मी देते.