पावडर नीट बसत नसेल तर आधी डबा बदला

घरी ओतलेल्या शिशाच्या बुलेटवर पावडर कोटिंगची पावडर (भाजून थर बनणारी रंगाची भुकटी, बंदुकीची दारू नव्हे) ठिकठिकाणी बसतच नाही, असं एकाने विचारलंय. बऱ्याचदा दोष बुलेट आणि पावडर ज्यात हलवतात त्या डब्याचा असतो. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, त्यात बुलेट, पावडर आणि एअरसॉफ्टचे (खेळातल्या हवेच्या बंदुकीचे) काळे प्लॅस्टिक छर्रे टाका आणि दणकून हलवा. घर्षणाने तयार होणाऱ्या स्थिर विजेनेच पावडर चिकटते, त्यामुळे दमट दिवशी नादच सोडा. मग ओव्हनमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटं भाजा, तीही शिसं पुरतं तापल्यापासून मोजायची. (तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, शिसं आहे ते! आणि हे सगळं अमेरिकेतलं हं, भारतात परवान्याशिवाय या वाटेला जाऊ नका.) गार झाल्यावर एक बुलेट हातोडीने चपटी करा. थर पापुद्र्यासारखा सुटला तर भाजणी कच्ची. साइझिंग (बुलेट साच्यातून दाबून नेमक्या व्यासाची करणं) कोटिंगनंतरच, कारण थराने व्यास वाढतो.